साके चाखायची कशी आणि घरच्या जेवणाशी जुळवायची कशी

जपानमधल्या दारूच्या दुकानात साकेच्या, म्हणजे तांदळाच्या जपानी दारूच्या, बाटल्यांसमोर उभं राहिलं की नजर आधी दाईगिंजोवर, म्हणजे सगळ्यात जास्त घासलेल्या तांदळाच्या प्रकारावर जाते. नाव मोठं, किंमत मोठी, बाटलीही देखणी. पण घरी मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं) सूप, भाजलेला मासा, एखादी शिजवलेली भाजी आणि भात असं साधं जेवण असेल, तर ती बाटली तिथेच राहू द्या. दाईगिंजोचा सगळा जोर सुगंधावर असतो आणि सोया सॉसमध्ये मुरलेल्या बटाट्यासमोर तो सुगंध उपरा वाटतो. रोजच्या जेवणाला जुनमाई, म्हणजे बाहेरचं अल्कोहोल न घातलेली साके लागते. ती कोणत्या तापमानाला प्यायची हे समजलं की अर्धं काम झालं, कारण एकाच बाटलीतली साके १० अंशांना, २० अंशांना आणि ४५ अंशांना तीन वेगवेगळ्या चवींची लागते. महाग बाटली घेण्यापेक्षा स्वयंपाकघरातल्या साध्या थर्मामीटरवर खर्च केलेला जास्त कामी येतो.

लेबलावर काय बघायचं

साके तांदूळ, पाणी, कोजी आणि यीस्ट यांपासून बनते. कोजी म्हणजे वाफवलेल्या तांदळावर वाढवलेली बुरशी. ती तांदळातल्या पिष्टाची साखर करते आणि त्याच पिंपात, त्याच वेळी यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करतं. दोन्ही क्रिया एकत्र चालतात म्हणून साकेत आंबवण्यानेच २० टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल तयार होऊ शकतं. बाटलीत भरताना बहुतेक वेळा पाणी घालून ते १५-१६ टक्क्यांवर आणतात. लेबलावर ‘गेनश्यू’ असेल तर पाणी घातलेलं नाही. ती जेवणाबरोबर पिताना जरा हात आखडता घ्यावा.

‘सेइमाईबुआई’पुढचा आकडा सांगतो की दाणा घासल्यावर किती उरला. ६० टक्के लिहिलं असेल तर ४० टक्के भाग घासून काढला आहे. दाण्याच्या बाहेरच्या थरात प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ जास्त असतात. ते जितके कमी, तितकी साके हलकी आणि सुगंधी. ते काही प्रमाणात राहिले तर उमामी (मिसो, सोया सॉसमध्ये जाणवते ती भरीव चव) आणि भरदारपणा येतो. गिंजोसाठी ६० टक्के किंवा कमी, दाईगिंजोसाठी ५० किंवा कमी आणि होंजोझोसाठी ७० किंवा कमी अशी अट आहे. जुनमाईलाही पूर्वी ७० ची अट होती, ती २००४ मध्ये काढली. म्हणून ८० टक्क्यांची जुनमाई दिसली तर ती हलक्या प्रतीची समजू नका. घरच्या जेवणाला अशा बाटल्या अनेकदा फार छान साथ देतात.

जुनमाईत बाहेरचं अल्कोहोल अजिबात नसतं. होंजोझोत गाळण्याआधी थोडं शुद्ध अल्कोहोल घालतात, वापरलेल्या तांदळाच्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत. ही भेसळ नव्हे. त्याने चव हलकी होते आणि घोट चटकन साफ होतो. तळलेल्या पदार्थांबरोबर हा गुण हवाच असतो.

‘निहोनश्यूदो’ हा आकडा अधिक असेल तर कोरडी आणि उणे असेल तर गोड, असं ढोबळमानाने सांगतात. हा आकडा पाण्याच्या तुलनेतली घनता दाखवतो, जिभेला काय जाणवेल ते नाही. +३ ची साके आम्लता १.८ असेल तर कोरडी लागते आणि १.१ असेल तर गोडसर. दोन्ही आकडे एकत्रच वाचायचे.

पहिल्या बाटलीसाठी इतकं धरा: जुनमाई, सेइमाईबुआई ६० ते ७०, निहोनश्यूदो ० ते +५, आम्लता १.५ किंवा जास्त, बाटली ७२० मिलिलिटरची. लेबल वाचता येत नसेल तर फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून बघा. नाहीतर दुकानदाराला सरळ विचारा, “कानझाके नि आउ जुनमाई, आरिमासु का?” गरम करून प्यायला चांगली जुनमाई आहे का, एवढंच त्यातून विचारलं जातं. या प्रश्नाला चांगला दुकानदार खुलतो आणि मागच्या रांगेतली बाटली काढून देतो.

चाखताना

साके चाखायच्या पारंपरिक पेल्याच्या तळाशी निळी वर्तुळं असतात. पांढऱ्या भागावर रंग दिसतो आणि निळ्या कडेवरून साके किती स्वच्छ आहे ते कळतं. घरी पांढरा चिनीमातीचा कप किंवा लहान वाइन ग्लास चालतो. लाकडी चौकोनी ‘मासु’ दिसायला छान, पण चाखायला निरुपयोगी, कारण आधी लाकडाचाच वास येतो. कपाटात ठेवलेल्या पेल्यालाही वास धरतो. साध्या पाण्याने विसळून वाऱ्यावर वाळवा, फडक्याने पुसू नका. त्या वेळी अत्तर नको, उदबत्ती नको, शेगडीवर फोडणी नको.

साके साधारण १५ अंशांना आणा. फ्रिजमधून काढल्यावर पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवली की झालं. अगदी थंड साकेचे दोषही दबतात आणि गुणही. पेल्यात ३०-४० मिलिलिटर ओता.

आधी रंग. किंचित पिवळसर किंवा हिरवट झाक असणं स्वाभाविक आहे. पाण्यासारखी रंगहीन साके बहुधा कोळशाच्या भुकटीने गाळलेली असते. मुद्दाम मुरवलेली ‘कोश्यू’ नसताना तपकिरी छटा दिसली तर ती जुनी झाली आहे किंवा उजेडात, उष्णतेत राहिली आहे.

मग वास, पण पेला न हलवता. सफरचंदासारखा किंवा केळ्यासारखा वास यीस्टने तयार केलेल्या इस्टर नावाच्या सुगंधी संयुगांचा असतो आणि गिंजो प्रकारात तो ठळक असतो. जुनमाईत शिजलेला भात, दही, अळंबी, सुका मेवा असे खालच्या पट्टीतले वास सापडतात. दोषही इथेच पकडायचे. मुरलेल्या मुळ्याच्या लोणच्यासारखा किंवा उकडलेल्या कोबीसारखा उग्र वास आला तर साके उष्णतेत म्हातारी झाली आहे. याला ‘हिनेका’ म्हणतात आणि तो गंधकाच्या एका संयुगामुळे येतो. काजळलेला, केस जळल्यासारखा वास उन्हाचा. लोण्याचा जड वास आंबवताना राहिलेल्या गडबडीचा.

घोट छोटा घ्या, चहाच्या चमच्याएवढा, ५ मिलिलिटर. लगेच गिळू नका. जिभेच्या टोकाला गोड आणि मागे कडू कळतं हा समज चुकीचा आहे, सगळ्या जिभेला सगळ्या चवी कळतात. म्हणून साके तोंडभर फिरवा, ओठ जरा उघडून थोडी हवा आत ओढा आणि श्वास नाकाने सोडा. पेल्याच्या तोंडाशी न आलेले वास या वेळी उमटतात. पाचेक सेकंदांत एवढं टिपा: पहिली चव गोड की आंबट, मध्ये भरदारपणा किती, शेवटी कडवटपणा येतो का, आणि गिळल्यावर चव किती पटकन निघून जाते. या शेवटच्या गुणाला जपानी लोक ‘किरे’ म्हणतात आणि जेवणाच्या साकेत त्याला फार मोल आहे. किरे चांगलं असेल तर पुढचा घास ताजा लागतो.

आता तीच साके जेवणाबरोबर. एक घोट, एक घास, आणि घास गिळून त्याची चव तोंडात असतानाच दुसरा घोट. तुलना पहिल्या आणि दुसऱ्या घोटाची करायची. दुसऱ्या घोटात माशाचा हिवसपणा वाढला, साके एकदम कडू झाली किंवा पाणचट वाटली, तर जोडी जमली नाही. लगेच दुसरी बाटली उघडू नका, आधी तापमान बदलून बघा.

जितकी साके तितकं साधं पाणी बाजूला हवंच. त्याला ‘यावारागी-मिझु’ म्हणतात आणि ते दर दोन-तीन घोटांमागे प्यायचं. एक ‘गो’, म्हणजे १८० मिलिलिटर साकेत सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. गरम साके चढते लवकर, हेही लक्षात असू द्या. जपानमध्ये पिण्याचं वय २० आहे आणि पिऊन सायकल चालवण्यावरची शिक्षा नोव्हेंबर २०२४ पासून कडक झाली आहे. चाखायला कोणाकडे जाणार असाल तर सायकलही घरी ठेवा.

गरम करणं

जपानी भाषेत साकेच्या तापमानाची पायरीपायरीने नावं आहेत. ३० अंश हिनाताकान, ३५ हितोहादाकान, ४० नुरुकान, ४५ जोकान, ५० आत्सुकान. घरच्या कामाला ४०, ४५ आणि ५० एवढे तीन टप्पे पुरतात.

तोक्कुरीत, म्हणजे साकेच्या अरुंद मानेच्या सुरईत, १८० मिलिलिटर साके घ्या, पण मानेच्या वर भरू नका. तापल्यावर ती फुगते आणि ओसंडते. पातेल्यात रिकामी तोक्कुरी उभी करून मानेपर्यंत येईल एवढं पाणी घाला, तोक्कुरी काढा आणि पाणी उकळा. मग गॅस बंद. ही पायरी कधी चुकवू नका. गॅस चालू ठेवला तर तळ फार तापतो, अल्कोहोलची वाफ नाकात झोंबते आणि चव बेसूर होते. मिनिटभर थांबून भरलेली तोक्कुरी पाण्यात ठेवा. साके खोलीच्या तापमानाची असेल तर दोन ते तीन मिनिटांत ४०-४५ अंश होते. तोक्कुरीची जाडी आणि पाण्याचं प्रमाण यावर वेळ बदलतो, म्हणून पहिले काही दिवस थर्मामीटर लावा. मधे एकदा तोक्कुरी बाहेर काढून हलक्या हाताने गोल फिरवा. सरावाने तळाला बोट लावून कळतं: बोट आरामात टिकलं तर ४० च्या आसपास, चटकन काढावंसं वाटलं तर ५० च्या पुढे.

घाई असेल तर मायक्रोवेव्ह, पण तोक्कुरीत नको. अरुंद मानेत वरची साके कढत होते आणि खालची कोमट राहते. रुंद मगमध्ये १८० मिलिलिटर घ्या, ५०० वॉटवर २० सेकंद फिरवा, ढवळा, आणि पुन्हा २० सेकंद. ४० च्या आसपास येईल. जास्त तापली तर फेकू नका. तशीच ठेवून ४० पर्यंत निवू द्या. चांगली जुनमाई अशी निवलेली कधी कधी अधिक मऊ लागते.

गरम केल्याने हा फरक का पडतो? जिभेला गोडवा शरीराच्या तापमानाजवळ जास्त जाणवतो. साकेतली लॅक्टिक आणि सक्सिनिक आम्लं उबेत गोलसर, रुचकर होतात. मॅलिक आम्लाला मात्र थंडावा मानवतो. म्हणून किमोतो आणि यामाहाई पद्धतीच्या साके गरम करण्यासारख्या असतात. त्यांत सुरुवातीचं विरजण नैसर्गिक लॅक्टिक जिवाणूंच्या मदतीने बसवतात आणि आम्लाला खोली येते. फळांच्या वासाची दाईगिंजो ५० अंशांना नेली तर वास विस्कटतो आणि मागे कडवटपणा उरतो. बुडबुड्यांची साके तर गरम करूच नये.

जेवण

जपानमध्ये साकेबरोबर भात सहसा खात नाहीत. आधी भाज्या, मासा, टोफू यांच्या जोडीने साके, मग शेवटी भात, मिसो सूप आणि लोणचं. ही पद्धत पाळली तर जोड्या सोप्या होतात. वजनाशी वजन जुळवा, गोडाशी थोडा गोडवा द्या, गरम पदार्थाबरोबर गरम साके घ्या.

उदाहरणासाठी साबा नो मिसोनी, म्हणजे मिसोमध्ये शिजवलेला बांगड्याच्या कुळातला मासा. दोन जणांसाठी ३०० ग्रॅम साबाचे तुकडे घ्या आणि कातडीवर एक-दोन चिरा द्या. त्यावर उकळतं पाणी ओता. पृष्ठभाग पांढरा झाला की लगेच गार पाण्यात धुऊन रक्त आणि खवले काढा. हिवस वास इथेच जातो, त्यामुळे आळस नको. पसरट भांड्यात १५० मिलिलिटर पाणी, जेवणाबरोबर पिणार असाल तीच १०० मिलिलिटर साके, दीड मोठा चमचा साखर आणि आल्याच्या चार चकत्या उकळा. मासा कातडी वर करून ठेवा आणि एक मोठा चमचा मिसो रसात विरघळवून घाला. थेट पदार्थावर टेकेल असं झाकण किंवा मधे भोक पाडलेला बेकिंग कागद ठेवून मध्यम आचेवर दहा मिनिटं शिजवा. शेवटी आणखी एक चमचा मिसो घालून रस दाटेपर्यंत दोन-तीन मिनिटं. मिसो दोन वेळा घालतात कारण पहिला माशात मुरतो आणि दुसऱ्याचा वास ताजा राहतो.

आता याच्याबरोबर तीच यामाहाई किंवा आम्लता चांगली असलेली जुनमाई १५ अंशांना चाखा. मिसो आणि साखरेपुढे ती बारीक, जरा कडवट वाटेल. ४५ अंशांना नेली की गोडवा वर येतो, मिसोच्या उमामीला साकेची उमामी मिळते आणि आम्ल माशाचं तेल जिभेवरून पुसून नेतं. तापमानाचं महत्त्व पटवायला याहून चांगला पदार्थ नाही.

निकुजागालाही, म्हणजे सोया सॉसमध्ये शिजवलेल्या मांस-बटाट्यालाही, हाच न्याय. त्यात साखर आणि मिरिन ही स्वयंपाकाची गोड दारू असल्यामुळे +८, +१० ची फार कोरडी साके आंबूस-कडू होते. निहोनश्यूदो ० ते +३ ची जुनमाई ४० अंशांना घ्या. मीठ लावून भाजलेल्या साम्मा माशाबरोबर किसलेला दाईकोन (जपानी मुळा) आणि ४० ते ४५ अंशांची जुनमाई. माशाच्या आतड्याचा कडवटपणा उबदार साकेत सुखद लागतो. काराआगेला, म्हणजे तळलेल्या कोंबडीच्या तुकड्यांना, थंड होंजोझो, १० अंशांच्या जवळ. गार टोफूचा हियायाक्को, उकडलेल्या पालकाची ओहिताशी, कच्च्या पांढऱ्या माशाची साशिमी यांना निइगाता प्रांताच्या धाटणीची हलकी, कोरडी साके किंवा सौम्य वासाची जुनमाई गिंजो १०-१२ अंशांना. इथे भरदार गरम साके आणली तर टोफू तोंडात आहे की नाही तेच कळत नाही.

माशाबरोबर साके निर्धास्त घेता येते त्याला कारण आहे. वाइनमधल्या लोहामुळे माशाच्या तेलाचा हिवसपणा उसळू शकतो. साके बनवताना लोह असलेलं पाणी कटाक्षाने टाळतात, कारण त्याने रंग आणि चव दोन्ही बिघडतात. कोबेजवळच्या नादा भागाला नावलौकिक मिळाला त्यात ‘मियामिझु’ पाण्याचा मोठा वाटा आहे. त्यात यीस्टला पोसणारी खनिजं भरपूर आणि लोह अगदी नगण्य. साकेशी जुळत नाहीत ते व्हिनेगरचे पदार्थ. सुनोमोनोच्या, म्हणजे व्हिनेगरमधल्या कोशिंबिरीच्या, आंबटपणापुढे बहुतेक साके सपाट पडते. तो पदार्थ साके ओतण्याआधीच संपवा.

ओदेनच्या, म्हणजे रश्श्यात मंद शिजवलेल्या पदार्थांच्या, दिवशी शेवटी पेल्यात थोडी साके राखा, तिच्यावर भांड्यातला गरम रस्सा ओता आणि चिमूटभर शिचिमी, म्हणजे सात मसाल्यांची जपानी पूड, भुरभुरा. थंडीत याला तोड नाही.

मराठी स्वयंपाक असेल तर

टोकियोत निशी-कासाईसारख्या भागात बरीच भारतीय कुटुंबं राहतात, आणि मराठी घरात संध्याकाळी निकुजागापेक्षा भाजी-पोळी असण्याची शक्यता जास्त. तिथे दोन अडचणी येतात. तिखटामुळे अल्कोहोलची जळजळ वाढते आणि हिंग-मोहरीच्या फोडणीत गिंजोचा सुगंध पार बुडतो. म्हणून झणझणीत रश्श्याबरोबर साके घेण्याचा हट्ट धरू नये. घ्यायचीच तर गढूळ, किंचित गोड निगोरी १० अंशांना.

जमतात ते पदार्थ वेगळे. रवा लावून तळलेली सुरमई, तिखट बेताचं, लिंबू न पिळता, आणि सोबत थंड होंजोझो. दाण्याचं कूट आणि खोबरं घालून केलेली भरली वांगी, मसाला सौम्य, आणि ४५ अंशांची किमोतो जुनमाई. कुटाचा भाजका वास आणि साकेतला सुक्या मेव्याचा वास एकमेकांत मिसळतात. अळूवडीलाही हीच साके चालेल, फक्त चिंच कमी. सोलकढी आणि चिंचगुळाची आमटी मात्र बाजूला ठेवा, कारण तिथे सुनोमोनोचाच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

उघडल्यावर

बाटली उभीच ठेवा, आडवी नाही. उन्हासारखाच दुकानातल्या ट्यूबलाइटचाही त्रास होतो, म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळा. नामाझाके, म्हणजे न तापवता भरलेली साके, विकत घेतल्यापासून ५ अंशांखालीच हवी. ती बाहेर राहिली तर आतले विकर काम करत राहतात आणि चव जड, गोडसर होत जाते. उघडलेली गिंजो फ्रिजमध्ये आठवडाभरात संपवा. भरदार जुनमाई दोन आठवडे सहज टिकते, आणि काही तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पहिल्यापेक्षा मोकळ्या लागतात.

त्यापुढे उरलेली साके स्वयंपाकात वापरा. दुकानात ‘र्योरीश्यू’ नावाने जी स्वस्त बाटली मिळते तिच्यात साधारण २ ते ३ टक्के मीठ घातलेलं असतं. ती पिता तर येत नाहीच, पण पदार्थात घातली तरी सोया सॉस आणि मिसोचं प्रमाण कमी करावं लागतं. प्यायच्या साकेत ही कटकट नाही. दोन गो तांदूळ, म्हणजे सुमारे ३०० ग्रॅम, शिजवताना एक मोठा चमचा साके घाला आणि पाणी तेवढंच कमी करा. जुन्या तांदळाचा वास जातो आणि दाणा चकचकीत होतो.